९७ मिनिटे आणि ११४ मिनिटे: बडोद्यातील एका तुलनेचा प्रकरण अभ्यास

गेल्या पावसाळ्यात दांडिया बाजारातील आमच्या शेजारची एक विद्यार्थिनी आपल्या पदव्युत्तर प्रबंधाचे तिसरे प्रकरण घेऊन माझ्याकडे आली. मी तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले असल्यामुळे "काकू, आकडे तेवढे एकदा बघून द्या," एवढीच तिची अपेक्षा होती. प्रकरणाला तिने 'मराठी घर आणि जपानी घर' असे नाव दिले होते. तिचा थोरला भाऊ नोकरीनिमित्त नागोयात राहतो. त्याच्याकडे दोन महिने राहून आल्यावर तिला हा विषय सुचला होता आणि त्यामागचे कुतूहल अगदी खरे होते. समोरच्या जपानी घरातला नवरा रोज सकाळी कचरा वर्गवारीने वेगळा करून खाली ठेवतो आणि मगच कामावर जातो, हे तिने पाहिले होते. आपल्या घरी बाबा असे काय करतात, हा प्रश्न घेऊनच ती परतली होती.

प्रकरणाच्या मध्यावर चार आकड्यांचा एक तक्ता होता. त्यानुसार भारतीय पुरुष दिवसाला ९७ मिनिटे घरकाम करतो आणि जपानी पुरुष ११४ मिनिटे. भारतीय स्त्री २९९ मिनिटे आणि जपानी स्त्री ४४८ मिनिटे. त्याखाली तिने दोन निष्कर्ष लिहिले होते. एक, घरकामाच्या बाबतीत भारतीय पुरुष जपानी पुरुषाच्या जवळपास बरोबरीला आहे. दोन, भारतीय स्त्रीवर जपानी स्त्रीपेक्षा सुमारे अडीच तासांनी कमी भार आहे. हे वाचून मला जे वाटले ते तिला लगेच सांगितले नाही, कारण चारही आकडे खरे होते. ते दोन देशांच्या सरकारी सांख्यिकी विभागांनी प्रसिद्ध केलेले होते आणि उतरवून घेताना एकाही अंकाची चूक झालेली नव्हती. आकडे खरे असूनही निष्कर्ष मात्र दोन्ही चुकीचे होते. या प्रकरणाची सविस्तर नोंद करावीशी वाटली ती याच कारणाने.

दोन पाहण्यांची ओळख

भारतीय आकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी ते डिसेंबर २०१९ या काळात केलेल्या वेळ-वापर पाहणीतले होते. देशभर घेतलेली ही अशी पहिलीच पाहणी होती. तिच्यात १,३८,७९९ घरे आणि सहा वर्षांवरील ४,४७,२५० माणसे होती. पाहणी करणारा कर्मचारी घरी येतो आणि आदल्या दिवशी पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केले, हे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत विचारून लिहून घेतो. जपानी आकडे तेथील सांख्यिकी कार्यालयाच्या २०२१ च्या पाहणीतले होते. ती १९७६ पासून दर पाच वर्षांनी होते, तिच्यात सुमारे ९० हजार घरांतील दहा वर्षांवरील माणसे असतात आणि ती माणसे लागोपाठच्या दोन दिवसांची नोंद पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत स्वतःच भरतात. २०१९ आणि २०२१ ही वर्षे एकमेकांच्या जवळची म्हणून तिने ती निवडली होती आणि तिच्या निवडीत खोट काढण्यासारखे काही नव्हते. खोट होती ती सरासरीच्या छेदात, म्हणजे एकूण मिनिटे किती आणि कोणत्या माणसांत भागली त्यात.

९७ कोणाचे?

भारतीय पाहणीतील ९७ मिनिटे ही सगळ्या पुरुषांची सरासरी नाही. ज्या पुरुषांनी विचारलेल्या दिवशी घरासाठी काहीतरी विनावेतन काम केले, केवळ त्यांची ती सरासरी आहे, आणि असे पुरुष शंभरांत २६.१ इतकेच होते. उरलेल्या सुमारे ७४ जणांनी त्या दिवशी असे कोणतेच काम केले नाही आणि ९७ च्या हिशेबात ते धरलेलेच नाहीत. पंगतीला बसलेल्यांनी सरासरी किती पोळ्या खाल्ल्या आणि साऱ्या गावाने सरासरी किती खाल्ल्या, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पंगतीचा आकडा उचलून गावाच्या नावावर मांडता येत नाही. ९७ ला २६.१ टक्क्यांनी गुणले की सर्व पुरुषांची सरासरी निघते आणि ती येते सुमारे २५ मिनिटे. स्त्रियांमध्ये शंभरांत ८१.२ जणींनी काम केले होते, त्यामुळे २९९ चे सर्व स्त्रियांच्या सरासरीत २४३ होतात. दोन्ही आकडे खाली आले, पण पुरुषांचा आकडा चौथाईवर आला आणि स्त्रियांचा जेमतेम एक पंचमांशाने घटला. या फरकातच भारतीय घराची अर्धी गोष्ट आहे आणि तक्त्यात ती पूर्णपणे झाकली गेली होती.

आता जपानचे ११४ पाहू. हा आकडा सर्व जपानी पुरुषांचा नाही. घरात सहा वर्षांखालचे मूल आहे अशा जोडप्यांतील नवऱ्यांचा तो आहे आणि त्यात घरकामासह मुलांचे संगोपन, आजारी किंवा वृद्ध माणसांची शुश्रूषा आणि बाजारहाट एकत्र धरलेली आहे. ११४ पैकी ६५ मिनिटे एकट्या संगोपनाची आहेत. त्याच घरांतील बायकांच्या ४४८ मिनिटांत, म्हणजे ७ तास २८ मिनिटांत, ३ तास ५४ मिनिटे संगोपनाची आहेत. म्हणजे एका रकान्यात सहा वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या आजोबांपर्यंत जो कोणी त्या दिवशी कामाला लागला त्याची संगोपन वगळून काढलेली सरासरी होती. दुसऱ्या रकान्यात केवळ तान्ह्या-लहान मुलांच्या आईवडिलांची, काम केलेल्या आणि न केलेल्या सगळ्यांची, संगोपन धरून काढलेली सरासरी होती. दोन्हींच्या डोक्यावर 'घरकाम, मिनिटे' एवढेच लिहिलेले होते.

हे तिच्यासमोर मांडले तेव्हा ती काही वेळ गप्प राहिली आणि मग तिने एक चांगला प्रश्न विचारला: "मग भारताच्या ९७ मध्ये संगोपनाची ७६ मिनिटे मिळवली तर?" भारतीय पाहणीत घरातील माणसांच्या देखभालीचा आकडा वेगळा दिलेला आहे आणि तो पुरुषांसाठी खरोखरच ७६ मिनिटे आहे. पण ही ७६ मिनिटे शंभरांतील १४ पुरुषांची आहेत आणि ते १४ म्हणजे आधीच्या २६ मधलेच असतील असे नाही. केवळ करणाऱ्यांच्या सरासऱ्या एकमेकींत मिळवता येत नाहीत. मिळवायच्या असतील तर दोन्ही आधी सर्व माणसांवर पसरून घ्याव्या लागतात. तसे केल्यावर पुरुषांच्या देखभालीची सुमारे ११ मिनिटे निघतात; स्त्रियांमध्ये २७.६ टक्के जणींची १३४ मिनिटे म्हणजे सर्वांवर सुमारे ३७. आता बेरीज करायला हरकत नाही: भारतीय पुरुष २५ अधिक ११, म्हणजे ३६ मिनिटे, भारतीय स्त्री २४३ अधिक ३७, म्हणजे २८० मिनिटे.

जपानच्या त्याच पाहणीत दहा वर्षांवरील सर्वांसाठीही आकडा दिलेला आहे: घरकाम, शुश्रूषा, संगोपन आणि बाजारहाट मिळून पुरुष ५१ मिनिटे आणि स्त्री ३ तास २४ मिनिटे, म्हणजे २०४ मिनिटे. हे चार आकडे शेजारी ठेवल्यावर तिचे दोन्ही निष्कर्ष उलटे झाले. भारतीय स्त्री जपानी स्त्रीपेक्षा कमी नव्हे, तर सव्वा तास अधिक काम करते. भारतीय पुरुष बरोबरीला नाही. त्याची ३६ मिनिटे जपानी पुरुषाच्या ५१ समोर आहेत, आणि जपानमध्येही ५१ मिनिटांना कोणी भरपूर म्हणत नाही. घरातल्या घरात पाहिले तर जपानी स्त्री पुरुषाच्या चौपट काम करते आणि भारतीय स्त्री जवळपास आठपट.

भारताची दुसरी पाहणी २०२४ मध्ये झाली. तिच्यात काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ वरून ८८ मिनिटांवर आलेली आहे. पुरुष मागे सरले, असा अर्थ यातून लगेच काढता येणार नाही. पूर्वी काहीच न करणारे काही जण दहा-वीस मिनिटांपुरते कामाला लागले, तरी करणाऱ्यांची सरासरी खालीच येते. छेद पाहिल्याशिवाय वाढ आणि घट या शब्दांनाही अर्थ नसतो.

जे जुळवता आले नाही

एका पायावर आणलेल्या या चार आकड्यांतही काही फट राहते, आणि ती लपवू नये असे मी तिला सुचवले. भारतात सहा वर्षांवरील मुले मोजली आहेत, जपानमध्ये दहा वर्षांवरील. मधल्या वयाची मुले थोडे काम करत असल्यामुळे भारताच्या दोन्ही सरासऱ्या किंचित खाली ओढल्या जातात. भारतीय वर्गवारीत बाजाराला जाण्यायेण्याचा वेळ घरकामातच धरलेला आहे. जपानी नोंदीत प्रवासाचा रकाना वेगळा आहे. पुरुषांच्या वाट्याला जे घरकाम येते त्यात किराणा, दूध, भाजी असे बाहेरचे काम बरेच असते, म्हणून हा प्रवास वजा केला तर भारतीय पुरुषाची ३६ मिनिटे आणखी कमी होण्याची शक्यता अधिक, आणि आठपटीचा आकडा वर जाईल. फट कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक असले की तिच्यासकट आकडा वापरता येतो.

ऋतूची फट मला अधिक महत्त्वाची वाटते. भारतीय पाहणी वर्षभर चालते; जपानी पाहणी ऑक्टोबरमधल्या काही दिवसांची असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात, लोणच्याच्या कैऱ्या फोडल्या जातात, आणि दिवाळीआधीच्या पंधरवड्यात डबे उतरवून घर धुऊन निघते. एखाद्या संस्कृतीचे घर ऑक्टोबरमध्ये जसे असते तसे ते मे महिन्यात असेलच असे नाही. शिवाय जपानचे २०२१ हे साथीचे वर्ष होते आणि तेथील आणीबाणीचे निर्बंध सप्टेंबरअखेर नुकतेच उठलेले होते.

एका वेळी दोन कामांचा प्रश्न याहून अवघड आहे. भारतीय कर्मचारी एका अर्ध्या तासात कमाल तीन कामे नोंदवू शकतो. जपानच्या मुख्य नोंदीत पंधरा मिनिटांना एकच काम लिहायचे असते. आमच्या समोरच्या आजी संध्याकाळी मालिका पाहता पाहता मेथी निवडतात आणि पायाशी खेळणाऱ्या पणतूवर लक्षही ठेवतात. हा अर्धा तास करमणुकीचा, स्वयंपाकाचा की संगोपनाचा? नोंदीची पद्धत बदलली की त्याच आजींचा तोच अर्धा तास दुसऱ्या रकान्यात जातो.

'मराठी' कोण?

शीर्षकातला पहिला शब्द हा माझा पुढचा आक्षेप होता. आकडे सबंध भारताचे होते आणि त्यांच्यावर पाटी मराठी घराची होती. या पाहणीच्या प्रसिद्ध तक्त्यांत राज्य आहे, ग्रामीण-शहरी भाग आहे, स्त्री-पुरुष आहेत. मातृभाषेनुसार विभागणी नाही. महाराष्ट्राचा आकडा घेतला तर त्यात मराठी नसलेली मुंबई येते आणि आपण बडोदेकर सुटतो. गुजरातचा घेतला तर आपण सापडतो, पण समुद्रातल्या थेंबासारखे. १९९८-९९ मध्ये जेव्हा देशात प्रथमच सहा राज्यांत वेळ-वापराची प्रायोगिक पाहणी झाली, तेव्हा त्या सहांत गुजरात आणि मध्य प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे त्या पाहणीत मराठी घरे आलीच असतील तर ती बडोद्याची, इंदूरची, ग्वाल्हेरची असण्याची शक्यता अधिक, आणि मराठी घर म्हटल्यावर कोणाच्याही डोळ्यांपुढे प्रथम ही घरे येत नाहीत.

तिचे म्हणणे असे पडले की मग आपण बडोद्यातलीच मराठी घरे आणि गुजराती घरे पाहू. हा विचार उत्तम आहे, पण त्यातली अडचण संख्याशास्त्रात जुनी आहे. १८८८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी लंडनमध्ये एक निबंध वाचला. सुमारे साडेतीनशे समाजांतील विवाह, सासर-माहेरचे राहणे आणि सासू-जावयाने एकमेकांना टाळण्याची रीत यांचे कोष्टक करून त्यांनी संबंध दाखवले होते. तेव्हा संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गॅल्टन यांनी विचारले की, यांतील किती समाजांनी ही रीत स्वतंत्रपणे घडवली आणि किती जणांनी शेजाऱ्याकडून घेतली? घेतलेली असेल तर तो वेगळा पुरावा धरायचा कसा? १७३४ पासून गायकवाडांच्या हाती स्थिरावलेल्या या शहरात मराठी आणि गुजराती घरांची भिंत जवळजवळ तीनशे वर्षे सामाईक आहे. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात राज्य झाले. भिंत तशीच राहिली.

याचे एक उदाहरण मी रोज पाहते. २००४-०५ आणि २०११-१२ मध्ये झालेल्या भारत मानव विकास पाहणीत बायकांना विचारले गेले होते की घरात सगळे एकत्र जेवतात, पुरुष आधी जेवतात, की बायका आधी. या प्रश्नाकडे स्त्रीच्या घरातील स्थानाची खूण म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण आमच्या गल्लीत ज्या मराठी घरात पोळ्या करून डब्यात ठेवतात तेथे सगळे एकत्र बसतात, आणि ज्या मराठी घराने शेजारची रीत उचलून तव्यावरून थेट ताटात फुलका वाढायला सुरुवात केली तेथे तो वाढणारी शेवटी जेवते. या दुसऱ्या घरातल्या सुनेला पहिल्या घरातल्या सुनेपेक्षा कमी मान आहे असे मला मुळीच म्हणता येणार नाही. उत्तर मानाचेही असू शकते आणि फुलक्याचेही, आणि रकान्यातला आकडा दोन्हींत फरक करत नाही.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलींसाठीसुद्धा. त्यामुळे बडोद्याच्या मराठी घरांत पणजीही वाचणारी असू शकते. येथील घर पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या घराचा नमुना म्हणून वापरायचे झाले तर एवढा इतिहास आधी बाजूला काढावा लागेल, आणि तो निघत नाही.

प्रश्न घेऊन घरी गेल्यावर

शब्दांची परीक्षा करण्यासाठी आम्ही दोघी ओळखीच्या काही घरांत गेलो. आकडे गोळा करण्याचा हेतू नव्हता. चार-पाच घरांवरून टक्केवारी काढणे हा अपराध आहे असे मी वर्गात सांगत आले. प्रश्न कोठे अडखळतो एवढेच पाहायचे होते.

पहिल्याच घरी 'घरकाम' हा शब्द पडला. "तुम्ही रोज किती वेळ घरकाम करता?" असे विचारल्यावर त्या वहिनी म्हणाल्या, "घरकामाला आमच्याकडे बाई येते, मला काही फारसं करावं लागत नाही." त्यांच्या बोलीत घरकाम म्हणजे भांडी आणि केर-फरशी, म्हणजे जे पगार देऊन करून घेतले जाते तेवढेच. मग आम्ही दिवस सकाळपासून क्रमाने विचारला, तेव्हा चहा, डबे, देवाचा नैवेद्य, दुपारचा स्वयंपाक, सासऱ्यांची औषधे, कपड्यांच्या घड्या आणि संध्याकाळचे जेवण धरून निम्मा दिवस त्यांतच गेलेला दिसला. त्यांच्या यजमानांना विचारले तेव्हा तेही "मी काही करत नाही" असे म्हणाले. प्रत्यक्षात दूध, किराणा, विजेचे बिल आणि मुलीला शिकवणीला सोडणे त्यांच्याकडे होते. थेट प्रश्नाने दोघांचे काम लपवले, पण लपलेल्या कामाचे माप सारखे नव्हते. वेळ-वापराच्या पाहणीत 'किती वेळ घरकाम करता' असे न विचारता चोवीस तास उलगडून का घेतात, हे तिला त्या दिवशी कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट कळले.

दुसऱ्या ठिकाणी 'घर' हाच शब्द अडला. जुन्या वाड्यात दोन भाऊ राहतात, थोरला खाली, धाकटा वर. चुली वेगळ्या होऊन बरीच वर्षे झाली. आजी सकाळी खाली जेवतात आणि रात्री वर. जनगणनेत एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, म्हणून हा वाडा दोन लहान कुटुंबांचा ठरतो आणि आजी कोणत्या तरी एकाच यादीत जातात. पण धाकटी जाऊ कामावर असते तेव्हा तिचे मूल खालीच असते आणि त्याची देखभाल करणारी मोठी जाऊ कागदावर दुसऱ्या कुटुंबातली असते. दोन पिढ्यांची स्वयंपाकघरे वेगळी ठेवून एकाच इमारतीत राहण्याची पद्धत जपानातही आहे. 'विभक्त कुटुंबांचे प्रमाण' या एका ओळीवरून दोन्हीकडच्या घरांची वीण ठरवणे किती जोखमीचे आहे, हे त्या वाड्याच्या जिन्यावर उभे राहिल्यावर समजते.

तिसरा शब्द होता 'मिळून'. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांना तीन निर्णयांविषयी विचारतात: तिचे स्वतःचे औषधपाणी, घरातली मोठी खरेदी आणि माहेरी किंवा नातेवाइकांकडे जाणे. २०१९-२१ च्या फेरीत या निर्णयांत सहभागी असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८८.७ टक्के होते. हा आकडा दिलासा देणारा आहे आणि तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण "आम्ही मिळून ठरवतो" असे ज्या घरात दोघांनी एका सुरात सांगितले, तेथे शीतकपाटाची गोष्ट निघाल्यावर कळले की रंग वहिनींनी ठरवला, आणि घ्यायचे की नाही, कधी आणि कितीचे, हे तिकडून ठरले. दुसऱ्या घरातल्या बाईंनी "सगळं हेच ठरवतात" म्हणून सांगितले आणि चहा होईपर्यंत लक्षात आले की यजमान त्यांना विचारल्याशिवाय पंखाही बदलत नाहीत. नवऱ्याचे नाव पुढे करणे हा त्यांच्या घरचा रिवाज होता.

मते आणि पट्ट्या

प्रकरणाचा शेवटचा भाग घरगुती समाधानाविषयी होता. पाच पायऱ्यांच्या पट्टीवर लोकांनी दिलेली उत्तरे घेऊन तिने जपानी माणसे घरी कमी समाधानी असल्याचे लिहिले होते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपानी आणि चिनी विद्यार्थी अशा पट्ट्यांवर अमेरिकन विद्यार्थ्यांपेक्षा मधली पायरी अधिक निवडतात असे आढळले होते. पायरी निवडण्याची सवयच निराळी असेल तर समाधान मोजले गेले की सवय, हे सांगता येत नाही. आपल्याकडेही "कसं चाललंय?" याला "बरं चाललंय" हे उत्तर सुखातही येते आणि दुःखातही.

यावर एक उपाय आहे आणि तो मला फार आवडतो. माणसाला स्वतःविषयी विचारण्याबरोबरच काही काल्पनिक माणसांची छोटी वर्णने वाचून दाखवायची आणि त्यांनाही त्याच पट्टीवर बसवायला सांगायचे. मग त्या वर्णनांच्या तुलनेत माणूस स्वतःला कोठे ठेवतो ते पाहायचे. २००४ मध्ये गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपाय चीन आणि मेक्सिकोतील उत्तरांवर वापरला. सरकारी कारभारात आपले म्हणणे किती चालते, या प्रश्नाला चिनी लोकांनी मेक्सिकन लोकांपेक्षा वरची उत्तरे दिली होती, जरी चीनमध्ये पक्षांमधल्या स्पर्धेच्या निवडणुका नव्हत्या. वर्णनांच्या आधाराने पट्टी सारखी केल्यावर क्रम उलटला. विद्यार्थिनीने याच धर्तीवर एका सुनेचे तीन वाक्यांचे वर्णन लिहिले: ती नोकरी करते, पगार सासूच्या हाती देते, माहेरी जाताना सांगून जाते. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी तिला 'पुष्कळ मोकळीक' दिली आणि त्यांच्याच नातसुनेने 'अजिबात नाही'. एकाच घरात पट्टी एवढी सरकते. बडोदे आणि नागोया यांच्यात ती किती सरकेल याचा अंदाज यावरून करावा.

भाषांतराविषयी थोडेसेच. जागतिक मूल्य पाहणीत मुलांना घरी कोणते गुण शिकवावेत हे यादीतून निवडायला सांगतात. त्यात एक गुण स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा आहे. तिने तो 'स्वातंत्र्य' असा लिहिला होता. आम्ही विचारलेल्या घरांत या शब्दावर आया दचकल्या आणि 'स्वावलंबन' म्हटल्याबरोबर प्रत्येकीने मान डोलावली. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली उलट भाषांतराची पद्धत, म्हणजे भाषांतर दुसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत करवून ताडून पाहणे, येथे मदत करते, पण पुरती नाही. कोशात दोन्ही शब्द बरोबर ठरतात, स्वयंपाकघरात ठरत नाहीत.

प्रकरण शेवटी कसे झाले

समाधानाचा भाग तिने काढून टाकला. त्यात तिचे दोन महिन्यांचे काम होते आणि तो निर्णय तिला जड गेला. चार आकड्यांचा तक्ता नव्या रूपात राहिला आणि प्रत्येक आकड्याखाली कोणाची सरासरी, कोणते वय, कोणती कामे, कोणता महिना हे लिहिले गेले, त्यामुळे टीप तक्त्यापेक्षा मोठी झाली. मला ती तशीच हवी होती. देशांमधली तुलना तिने सावध शब्दांत केली आणि जोर दिला तो प्रत्येक देशाच्या आतल्या स्त्री-पुरुष अंतरावर, कारण एकाच पाहणीतल्या दोघांना एकाच पद्धतीने विचारलेले असते आणि पद्धतीचे दोष बऱ्याच अंशी दोघांना सारखे लागतात. सहा वर्षांखालील मुलांच्या घरांची खरी तुलना करायची तर भारतीय पाहणीची घरनिहाय मूळ नोंद उघडून तशीच जोडपी वेगळी काढावी लागतील. ते काम तिने पुढच्या सत्रासाठी ठेवले. शीर्षकातून 'मराठी' हा शब्द गेला. बडोद्याच्या घरांवर तिने एक स्वतंत्र टिपण जोडले, त्यात एकही टक्का नाही.

त्या टिपणासाठी ती वाड्यातल्या आजींकडे पुन्हा गेली आणि आदल्या दिवशीच्या पहाटेपासून विचारू लागली. आजी म्हणाल्या, "अगं, काल एकादशी होती. माझी खिचडी वेगळी, पोरांचा स्वयंपाक वेगळा, चूल दोनदा मांडली. कालचं काय लिहितेस?" १९९८-९९ च्या प्रायोगिक पाहणीत दिवसाचे तीन प्रकार केलेले होते: नेहमीचा, आठवड्यातला वेगळा आणि अपवादाचा. एकादशी महिन्यातून दोनदा येते. ती आठवड्यातल्या वेगळ्या दिवसांत बसत नाही आणि आजींच्या लेखी तो अपवादही नाही. तिने चौथा रकाना आखला, त्यावर 'उपासाचा दिवस' असे लिहिले आणि पहाटे चारपासून पुन्हा सुरुवात केली.